वन्संची लांब गळ्याची रायफल

जरा जवळ या बघू. असं उंबऱ्यात उभं राहून माझं बोलणं ऐकायचं नाही. आणि बंदुकीचं नाव काढलं म्हणून भुवया तर मुळीच चढवायच्या नाहीत. आमच्या वन्संना जाऊन महिना होऊन गेला. तुमच्यातले कितीतरी जण भेटायला आलात, बसलात, चहा घेतलात. त्या गजानं वाजवायच्या त्या इसराजाबद्दल बोललात, शाळेत शिकवायच्या त्या गणिताबद्दल बोललात, पुरणपोळीसुद्धा आठवलीत. पण त्यांच्या नवऱ्याचं, अप्पांचं, नाव एकाच्याही तोंडून निघालं नाही. म्हणून रागावलेय मी. लांबच्या गावी बसून हे वाचताय त्यांच्यावर नाही हो, तुम्ही कशाला खाली बघता? तुम्ही नुसतं ऐका.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. इथं कलकत्त्यात, बालीगंजच्या घरात खाली आम्ही आणि वर वन्सं आणि अप्पा, असा तीस-पस्तीस वर्षांचा शेजार. मला लग्नाआधी अक्षरओळख नव्हती. वाण्याच्या पुड्यांचे कागद लावत लावत मी वाचायला शिकले, आणि अडलं की जिन्यातून हाक मारायची, “वन्सं, हे वाकडं काय आहे?” वरून उत्तर यायचं, “वाकडं ते नाही, तू कागद उलटा धरलायस.” अशी आमची मैत्री.

त्या गेल्या तेव्हा मी बजबजला लेकीकडे होते. जावई तिथल्या तागाच्या गिरणीत आहेत. ते अवेळी घरी आले आणि चपला न काढताच आतपर्यंत आले, तेव्हाच मला कळलं. गाडीत खिडकीशी बसले खरी, पण रडू येईना. संताप येत होता. ज्या एका वाक्यासाठी त्या बाईनं इतकी वर्षं काढली ते वाक्य ऐकल्याशिवाय ती गेली. वाक्य काही मोठं नव्हतं. ‘अप्पा पीत नव्हते, त्यांचा हात कापत नव्हता, आणि हे मला ठाऊक होतं.’ बस, एवढंच. ते ज्यांनी म्हणायचं त्यांचं नाव छापायचं नाही असं मी संपादकांना कबूल केलंय. आपण त्यांना चिटणीस म्हणू. मराठी मंडळींत त्यांचा शब्द खाली पडत नाही, आणि तेव्हा रायफल क्लबाचे चिटणीसही तेच होते.

हे चिटणीस शोकसभेला आले, रजनीगंधाचा हार घेऊन. “एक थोर संगीतप्रेमी आपल्यातून गेली,” असं बोलले. मग माझ्याशी येऊन हळूच म्हणाले, “वहिनी, जुनं सगळं आता संपलं, नाही का?” मी त्यांच्याकडे बघितलं. पंखा चालू होता, तरी कपाळावर घाम. मी म्हटलं, “चहात साखर किती घेता?” आणि आत गेले. पण त्या दिवशीच ठरवलं, लिहायचं.

अप्पा कॉलेजात रसायन शिकवायचे. सुपारीसुद्धा न खाणारा माणूस. नाद एकच, निशाणेबाजीचा. शिकार नाही हं, कागदावर गोळी मारायची. देश स्वतंत्र झाला त्या सुमाराला एक इंग्रज गिरणीवाला सामान विकून निघाला होता. त्याच्याकडे एकसारख्या दोन जुन्या रायफली होत्या. एक अप्पांनी घेतली, दुसरी चिटणिसांनी. त्या दिवसांत दोघांचं इतकं गूळपीठ की रविवारी चिटणीस आमच्याकडे पोहे खायचे आणि जाताना म्हणायचे, “वहिनी, हे पोहे आहेत म्हणून मी या माणसाला सहन करतो.” सामन्यात मात्र अप्पा नेहमी पुढे. चिटणीस हसायचे, पाठ थोपटायचे. हसणाऱ्या माणसाच्या पोटात काय शिजतंय ते आपल्याला थोडंच दिसतं...

महायुद्धामुळे त्या रायफलींची जुनी काडतुसं मिळेनाशी झाली होती. क्लबची काडतुसं चिटणीस वाटायचे. त्यांनी अप्पांना नवी डबी दिली. “विलायतेचा ताजा माल आलाय, सर,” म्हणाले. आणि त्याच महिन्यापासून अप्पांच्या गोळ्या रानोमाळ जायला लागल्या. पूर्वी पाची भोकं एका पुरीखाली झाकली असती, ती परातभर पसरायला लागली. मोठ्या सामन्याच्या दिवशी तर एक गोळी कार्डाला लागलीच नाही. चिटणीस सगळ्यांदेखत म्हणाले, “सर, हात कापतोय तुमचा. घरी बसून नातवंडं खेळवा.” अप्पांना नातवंडं सोडा, मूलबाळही नव्हतं. हे चिटणिसांना ठाऊक नव्हतं की काय?

एवढ्यावर थांबले असते तरी मी कदाचित विसरले असते. पण गणपतीच्या बैठकीत कुणी तरी विचारलं, “हात का हो कापतो सरांचा?” तर चिटणीस डोळा बारीक करून म्हणाले, “ते घरच्यांना विचारा. संध्याकाळनंतर जाऊन बघा.” बस. तुम्ही सगळ्यांनी ते गिळलंत. दरवर्षी गणपतीच्या पूजेला अप्पा बसायचे. त्या वर्षी निरोप आला, ‘यंदा दुसऱ्या कुणाला बसवू या.’ अप्पा सोवळं नेसून तयार होते हो! त्यांनी निरोप ऐकला, सोवळं सोडून घडी करून ठेवलं आणि खिडकीशी जाऊन बसले.

त्यानंतर त्यांनी एक विचित्रच सुरू केलं. चहाचा कप काठोकाठ भरून मागायचे आणि तो उजव्या हातात धरून तासन्‌तास बसायचे. प्यायचे नाहीत. नुसते चहाकडे बघत राहायचे. वन्सं एकदा मला वर घेऊन गेल्या, दारातून दाखवलं. म्हणाल्या, “कुसुम, नीट बघ. चहावर एक तरी तरंग आहे का?” नव्हता. साय धरली होती त्यावर, आणि साय हललीसुद्धा नव्हती. “मग?” मी म्हटलं. “मग दोष हातात नाही. दुसरीकडे कुठं तरी आहे.” पण तो शोधायला वेळ मिळाला नाही. त्या थंडीत अप्पा झोपेतच गेले. स्मशानात चार माणसं आली, आणि त्यातला एक माणूस खांदा देता देता दुसऱ्याला म्हणाला, “लिव्हर असणार.” आमच्या ह्यांनी ऐकलं ते.

तेराव्यानंतर वन्संनी रायफल विकायला काढली नाही. परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला. नेम धरायला त्यांना पूर्वी अप्पांनीच शिकवलं होतं. कचेरीतले लोक म्हणाले, “विधवा बाईला बंदूक कशाला?” तर म्हणाल्या, “विधवा बाईलाच लागते.” मग एक जुनं काडतूस आणि एक नवं अशी दोन रुमालात बांधून आम्ही धर्मतल्ल्याला एका म्हाताऱ्या बंदुकवाल्या बाबूंकडे गेलो. त्यांनी दोन्ही शेजारी उभी केली. पितळ दोन्हींचं सारखंच, पण जुन्याची गोळी चांगली लांब आणि बोथट, नव्याची आखूड आणि टोकदार. बाबू रायफलीच्या नळीकडे बोट दाखवून म्हणाले, “इसका गला लंबा है, दीदी.” मग समजावून सांगितलं. नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात, त्या गोळीला फिरवतात म्हणून ती सरळ जाते. पण काडतुसाची जागा आणि त्या खाचा यांच्यामध्ये मोकळी वाट असते, तो गळा. जुन्या रायफलींचा गळा लांब, कारण तेव्हा गोळ्या लांब होत्या. लांब गोळी उंबऱ्याशीच उभी असते, सरळ आत जाते. आखूड गोळी लांबून धावत येते आणि दाराच्या चौकटीला खांदा आपटून वाकडी शिरते. मला अडाणीलासुद्धा कळलं.

वन्संनी विचारलं, “हे आमच्या माणसाला कुणी कसं सांगितलं नाही?”

बाबूंना आश्चर्य वाटलं. “आपके सेक्रेटरी साब को तो मैंने बताया था। पुराना माल जितना बचा था, सब वही ले गए। बोले, प्रोफेसर साब को मैं खुद समझा दूँगा।”

ट्राम गेली दुकानावरून. वन्संनी दोन्ही काडतुसं उचलून पुन्हा रुमालात बांधली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, “चला, आत्ताच्या आत्ता जाऊ त्याच्या दारात. चार लोकांत उभा करू.” त्या म्हणाल्या, “आणि दाखवू काय? विधवा रडते आणि म्हातारा दुकानदार साक्ष देतो? हसून घालवेल तो. नाही ग. त्याच्या मैदानावर, त्याच्या लोकांसमोर, कार्डावर भोकं पाडून बोलायचं.”

पण जुनी काडतुसं होती कुठं? म्हणजे घरीच भरायची. बाबूंच्या माळ्यावर सुट्या लांब गोळ्यांचं एक खोकं पडलेलं होतं. घरी काडतूस भरणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून धूळ खात होतं. त्यांनी परवाना बघितला, मग एक अडकित्त्यासारखं हत्यार दिलं, गोळी पितळेत बसवायचं. सगळं शिकवलंही. बहूबाजारातून सोनाराचा तराजू आणला. ज्या दिवशी बारूद तोलायची त्या दिवशी माझी शेगडी गॅलरीत, देवापुढचा दिवा शांत, पंखा बंद, आणि घामाच्या धारा. वन्सं पाटावर बसायच्या, पदर खोचून. एकेक चिमूट तराजूत टाकताना तोंडातून शब्द काढायच्या नाहीत. मी शिंकले तरी डोळे वटारायच्या.

पहिली खेप साफ फसली. का सांगू? अप्पांनी मारलेल्या काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी आम्ही जपून ठेवली होती, काळी पडलेली. वन्सं म्हणजे पितळ. दर शुक्रवारी देवाची भांडी चिंच आणि राखेनं घासून आरशासारखी करणारी बाई! त्यांनी ती नळकांडीही तशीच लख्ख घासली. आतूनसुद्धा, काडीला चिंधी लावून. गच्चीत वाळवली. काय चमकत होती म्हणता! बाबूंच्या ओळखीनं शहराबाहेरच्या एका मैदानावर गेलो, तर एकामागून एक नुसता खटका पडतोय, आवाज नाही. राख बुडाशी, ठिणगी पडायच्या जागी, घट्ट बसलेली, आणि कलकत्त्याची दमट हवा, आतली ओलही पुरती गेलेली नाही. बाबूंना सांगितलं तर हसून हसून त्यांचा चष्मा पडला. “दीदी, ए तो रान्नाघोर!” म्हणाले. स्वैपाकघरच केलंत की हो याचं! वन्संही हसल्या. अप्पा गेल्यापासून पहिल्यांदा.

मग आला त्या गळ्याचा प्रश्न. गोळी किती बाहेर ठेवायची म्हणजे खाचांच्या अगदी उंबऱ्याशी येईल? नळीच्या आत तर दिसत नाही. बाबू म्हणाले होते, गोळी मेणबत्तीवर काळी करा. वन्सं म्हणाल्या, “मेणबत्तीची काजळी झडते. कुसुम, तू नातीसाठी काजळ धरतेस ना, तसं धर.” मी एरंडेलाचा दिवा लावून वर तांब्याची वाटी पालथी घातली, काजळ धरलं, तुपात कालवलं. बारूद न घातलेल्या एका काडतुसाच्या गोळीवर त्यांनी ते बोटानं लावलं, बाळाच्या डोळ्यात घालतात तितक्या हलक्या हातानं. रायफलीत घातलं, मागचा बोल्ट कडीसारखा सरकवून बंद केला, उघडला, अलगद काढलं. गोळीवर काजळात चार बारीक रेघा उठल्या होत्या, खाचांच्या कडांनी ओढलेल्या. “इथं आहे तो उंबरा,” म्हणाल्या, आणि गोळी त्याच्या केसभर मागे बसेल असं माप धरलं. मग बोटाकडे बघत राहिल्या. “बघ ग, माझ्या हाताला पुन्हा काजळ लागलं...” मी डोळे पुसायला लागले तर म्हणाल्या, “रडू नको, ओल येते.”

पुढच्या वर्षीच्या सामन्याला वन्सं सियालदा स्टेशनातून गाडीनं गेल्या. रायफल इसराजाच्या गवसणीत. समोरची एक म्हातारी सारखी म्हणत होती, “दीदी, एकटू बाजान ना.” वाजवा ना थोडं. वन्सं म्हणाल्या, “आज एकाच माणसाला ऐकवायचंय, मावशी.” मैदानावर चिटणिसांनी त्यांना बघितलं आणि मोठ्यानं म्हणाले, “या, या! बघा मंडळी, आता पोळपाट-लाटणं आम्ही सांभाळायचं!” हशा झाला. त्यांनी नावही घातलं, आनंदानं. त्यांना वाटलं, क्लबच्याच डबीतून बाई मारणार आणि नवऱ्यासारखीच हसं करून घेणार.

वन्सं पालथ्या पडल्या. नऊवारी लुगडं, डोक्यावरून पदर, पांढरे केस. एकेक गोळी मारताना मध्ये इतका वेळ घेत होत्या की लोक चुळबुळ करायला लागले. कार्ड आलं. पाची भोकं... पुरी नाही, पेढ्याखाली झाकली असती. चिटणिसांच्या कार्डापेक्षा कितीतरी सरस. टाळ्या पडल्या. चिटणीसही टाळ्या वाजवत आले, “नशीब म्हणतात ते हे!” वन्सं उठल्या, लुगड्याची माती झटकली आणि अप्पांची ती डबी पुढे केली, विलायतेच्या ताज्या मालाची.

“चिटणीस, तुमचीच रायफल घ्या. हातही तुमचाच. काडतुसं तेवढी ही घ्या, तुम्ही आमच्या माणसाला दिलेली. पाच मारा.”

आता बघा हं गंमत. मारली तर कार्डाची चाळण. मारत नाही म्हटलं तर, का नाही? काय वाईट आहे या काडतुसांत, आणि ते तुम्हाला कसं ठाऊक? त्यांचा हात डबीपर्यंत आला आणि थांबला. मग म्हणाले, “आज जरा डोळा दुखतोय.” वन्सं म्हणाल्या, “डोळा बरा झाला की मारा. मी थांबीन. नाहीतर गणपतीच्या सभेत उभे राहून खरं काय ते एका वाक्यात सांगा. तेही चालेल मला.” “बघू,” म्हणाले. ज्यांना कळायचं त्यांना त्या दिवशी कळलं. पण ज्यांनी अप्पांना पूजेवरून उठवलं ते लोक मैदानावर नव्हते. ते तुम्ही होतात.

गणपती आले, गेले. चिटणीस सभेत वर्गणीवर बोलले, शिस्तीवर बोलले. ते वाक्य काही आलं नाही. मग दसरा आला. इथं आपट्याचं पान मिळत नाही, आपण कांचनाची पानं वाटतो, आणि सगळी मराठी मंडळी सोनं द्यायला चिटणिसांच्याच घरी जमतात. बाहेर बंगाल्यांची देवीच्या विसर्जनाची मिरवणूक, त्यांच्या ढाक ढोलांचा दणका. वन्सं गेल्या, चिटणिसांच्या हातावर त्या डबीतलं एक काडतूस ठेवलं आणि म्हणाल्या, “सोनं घ्या, सोन्यासारखं राहा.” लोकांना वाटलं, शस्त्रपूजेतलं काहीतरी कौतुक आहे. कुणी कुणी “वा!” म्हणालं. चिटणिसांच्या बायकोनं ते काडतूस देवापुढच्या तबकात ठेवलं. दसऱ्याचं सोनं परत कसं करणार? घ्यावंच लागतं, वर नमस्कारही करावा लागतो. वन्सं वयानं मोठ्या ना! चिटणीस वाकले. वन्संनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि कानाशी म्हणाल्या, “डोळा कसा आहे?”

मग दरवर्षी. एक वर्ष चिटणीस दसऱ्याला मुद्दाम जगन्नाथपुरीला गेले, तर वन्सं कोजागिरीला मसाला दूध प्यायला गेल्या आणि म्हणाल्या, “राहून गेलं होतं.” एका वर्षी त्यांना ताप होता. मी म्हटलं, यंदा राहू द्या. तर रिक्षानं गेल्या, शाल गुंडाळून. मीच एकदा विचारलं होतं, “वन्सं, किती वर्षं हे? सोडून नाही द्यायचं?” त्या इसराजाची तार लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “त्यानं अप्पांना त्यांच्याच हाताची शंका यायला लावली, कुसुम. जीव गेला त्याचं मी सोसलं. पण तो माणूस स्वतःवरचा विश्वास गमावून मेला. ते सोडून द्यायला माझं नाहीच.”

मी बजबजला निघाले त्या सकाळी त्यांच्या उशाशी गेले होते. खोकला होता, पण चेहरा तरतरीत. म्हणाल्या, “डबीत उरलीत का ग अजून?” मी बघितलं. “पुष्कळ आहेत.” “मग मला काही झालं तर तू जा.” मी म्हटलं, “मी? मला कुठं येतं तुमच्यासारखं बोलायला?” हसल्या. “तुला बोलायला येत नाही असं कोण म्हणालं?” तेच आमचं शेवटचं बोलणं.

आता हे पुढचं एका माणसासाठी. बाकीच्यांनी ऐकलं तरी चालेल, ऐकाच. चिटणीस, तुम्ही ही पुरवणी रविवारी पोह्यांबरोबर वाचता, मला माहीत आहे. जुनं संपलं का, असं विचारलंत तेव्हा मी उत्तर दिलं नाही. ते आता देते. नाही संपलं. काल मी वन्संच्या खोलीत गेले होते. रायफल पोलिसांत जमा केली, परवाना वारसाला मिळेल तेव्हा मिळेल. डबी मात्र, पोलिसांना विचारूनच, माझ्या फडताळात आली. दसरा जवळ आलाय, आणि मी वन्संसारखी मितभाषी नाही. मी आले तर तबकात ठेवून गप्प परत येणार नाही, सगळ्यांना कपापासून काजळापर्यंत सविस्तर सांगेन, आणि मला सांगायला किती वेळ लागतो ते तुम्ही जाणताच.

पण माझे गुडघे दुखतात, आणि तुमचा जिना उंच आहे. तेव्हा तुम्हीच या ना. बालीगंजचं घर तुम्हाला नवीन नाही. वर जाऊ, अप्पांच्या खिडकीशी बसू. मी शेजारपाजारची चार मराठी माणसं बोलावून ठेवते. तुम्ही ते एक वाक्य म्हणा, मी पोहे करते. आपण सगळेच थकलोय हो आता, कुणाचं पान कधी गळेल काय सांगावं... म्हणून म्हणते, दसऱ्याची वाट बघू नका. लवकर या.